चुकांची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी चार ओळी लिहून दे असा मेसेज आला आणि पहिल्यांदा आठवली ती गणिताच्या सरांची चुकांची वही. गॅदरिंग, सहल वगैरे बाकीचे लिहितीलच.

आठवीत मी गणिताला जाम घाबरायचे. एका ट्यूशनमध्ये सगळ्यांसमोर "हिच्या डोक्यात गणित नाही" असं ऐकलं होतं आणि तेच खरं धरून बसले होते, मग करून तरी काय उपयोग.

सरांनी पहिल्याच आठवड्यात शंभर पानी वही आणायला लावली, पानाला दोन घड्या घालून तीन रकाने. पहिल्यात गणित करायच्या आधीच लिहायचं, हे मला येईल का, मधल्यात गणित, शेवटच्यात चुकलं तर का चुकलं. तिथं नुसतं "सिली मिस्टेक" लिहिलं की वही परत, "कुठल्या ओळीत घसरलीस ते लिही बाळ."

महिन्याभरात शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट परत परत दिसायला लागली. कंसाबाहेर उणे असलं की आतल्या दुसऱ्या पदाचं चिन्ह मी बदलतच नव्हते, ५ − (क्ष − ३) चं सरळ ५ − क्ष − ३ करायचे. सर म्हणाले, क्षच्या जागी ४ घालून बघ. एकीकडं आलं ४, दुसरीकडं −२. म्हणजे डोकं बिघडलेलं नाही, चिन्ह चुकतंय, आणि ते माझं मला घरी बसून पण तपासता येतंय! त्या दिवशी किती हलकं वाटलं काय सांगू. गणिताची आवड लागली ती त्याच्यानंतर, आधी नाही.

दादा तेव्हा शिवाजी पेठेत तालमीत जायचा. कुस्ती हरून आला की वस्ताद विचारायचे कुठल्या डावात सापडलास, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच घोटून घ्यायचे. आई म्हणायची, तुझी वही पण तालीमच की गं.

पुढं बीएडला झिमरमन हा शिक्षण-मानसशास्त्रज्ञ वाचला, तो शिकण्याच्या पायऱ्या सांगतो, कामाआधी अंदाज आणि आखणी, करताना स्वतःवर लक्ष, झाल्यावर तपासणी, आणि त्या तपासणीतून पुढची आखणी. वाचता वाचता आपले तीन रकानेच दिसले मला. मानसशास्त्रज्ञ बांडुरानं तर १९७७ मध्येच मांडलंय की "मला जमतंय" हा विश्वास सगळ्यात जास्त स्वतः करून जमल्यावर येतो, कुणी नुसता धीर देऊन तेवढा येत नाही.

आता मी पण गणित शिकवते. पहिला रकाना पोरं सगळ्यात जास्त टाळतात, सगळीकडं "हो" लिहून मोकळी होतात, त्यामुळं मी तिथंच जास्त थांबते, हो तर कशावरून ते विचारते.

माझी वही प्रदर्शनासाठी ऑफिसात दिलीय. आपल्या बॅचमधल्या अजून कुणाकडं जपून ठेवलेली असेल तर आणा रे, सरांना सगळ्या एकत्र दाखवूया.