वडी क्रमांक ३: ऑक्सिजन सराफाच्या काट्यावर

चुंबक तरंगला. जेमतेम दोन मिलिमीटर, पण तरंगला. वडी अतिसंवाहकाची: यट्रियम, बेरियम, तांबे आणि ऑक्सिजनचा हा पदार्थ पुरेसा गार केला की विजेला रोध उरत नाही आणि चुंबकाला तो दूर ढकलतो.

मिश्रण मागच्याच मापाचं, १० ग्रॅमचं: यट्रियम ऑक्साइड १.५१३, बेरियम कार्बोनेट ५.२८९, कॉपर ऑक्साइड ३.१९८. (बेरियम कार्बोनेट विषारी आहे, खल त्याचा वेगळाच ठेवा.) ९२० अंशांवर दोनदा भाजलं, मध्ये पुन्हा घोटलं, मग वडी दाबून ९४०ला. काळी कुळकुळीत निघाली. पहिलीसारखी हिरवट झाक नाही, म्हणजे भट्टी फार तापली नव्हती.

चूक पुढे झाली. मे महिना, अमळनेरचं ऊन, त्यात भट्टीशेजारी कोण बसणार? ९०० अंशांवरच चिमट्याने ओढून बाहेर काढली. गायींच्या कृत्रिम रेतनवाल्याकडून द्रव नायट्रोजन आणला ("काय करी राहिना भाऊ?" असं विचारूनच त्याने दिला), वडी गार केली, वर चुंबक ठेवला. ढिम्म.

कारण साधं आहे. एवढ्या तापात या स्फटिकात ऑक्सिजन टिकत नाही, सूत्रातला (YBa₂Cu₃Oₓ) ऑक्सिजनचा आकडा x ६.२च्या आसपास उतरतो, आणि झटक्यात गार केलं की तिथेच अडकतो. ६.५ला संक्रमण, म्हणजे अतिसंवाहक होणं, जेमतेम ६० केल्विनवर (उणे २१३ अंश), तर द्रव नायट्रोजन ७७चा. ९२ केल्विन हवे तर आकडा ६.९च्या वर न्यावा लागतो.

म्हणून वडी सराफाकडे नेली: २.०१३ ग्रॅम. मग ४५० अंशांवर ऑक्सिजनच्या संथ झोतात १४ तास, त्यानंतर भट्टी हळूहळू गार. याच्या बऱ्याच वर गेलं की ऑक्सिजन सुटतो, ३५०च्या खाली आत शिरायला फार वेळ लावतो. परत काट्यावर: २.०४१. अठ्ठावीस मिलिग्रॅम निव्वळ ऑक्सिजन! हिशेबाने सूत्रामागे सुमारे ०.५७ ऑक्सिजन अणू. पुन्हा नायट्रोजनमध्ये गार केली, आणि या वेळी चुंबक तरंगला.

दुसरी वडी मात्र गेली. गेल्या पावसाळ्यात फळीवर उघडी राहिली आणि तिच्यावर पांढरी बुरशीसारखी पूड धरली. ओल बेरियम ओढून घेते, त्याचं हायड्रॉक्साइड होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पुन्हा कार्बोनेट. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा वडीला उलट मानवतो. नायट्रोजनमधून काढल्यावर अंगावर जमणारं दवही तसंच मारक, म्हणून लगेच पुसून गरम तव्यावर सुकवतो आणि सिलिका जेलच्या डबीत बंद करतो.

पुढच्या रविवारी हीच वडी ७०० अंशांवरून पुन्हा ओढून काढणार आहे. किती मिलिग्रॅम उतरतात ते काट्यावर कळेल, फक्त सराफाकडे लग्नसराईची गर्दी नसली पाहिजे.