शेजाऱ्यांनी घडवलेलं संगीत

टोकियोतल्या योयोगीत 'ऑफ साइट' नावाचं मैफिलींचं ठिकाण चाललं २००० ते २००५, एवढंच. अत्सुहिरो आणि युकारी इतो यांनी एका छोट्या घरात खाली गॅलरी थाटली, तिथेच कार्यक्रम व्हायचे. शेजारची घरं खेटून आणि भिंती पातळ, त्यामुळे वादन कुजबुजीच्या पातळीवर आलं. पुढे 'ओंक्यो' म्हणून ओळखल्या गेलेल्या या संगीताला झेन वगैरे चिकटवायची लोकांना भारी हौस. माझ्या मते निम्मं श्रेय शेजाऱ्यांचं. (खुद्द अत्सुहिरोंचं वाद्य, ऑप्ट्रॉन, म्हणजे ट्यूबलाइटची अ‍ॅम्प्लिफायरमधून काढलेली खरखर!)

याच संगीतातल्या साचिको एम सॅम्पलरमध्ये (ध्वनीचे नमुने साठवून वाजवणाऱ्या यंत्रात) एकही नमुना न भरता त्यातला चाचणीचा साइन सूर, म्हणजे एकाच कंपनसंख्येचा शुद्ध सूर, वाजवतात. १००० हर्ट्‌झच्या सुराची तरंगलांबी साधारण ३४ सेंमी. भिंतींवरून परतणाऱ्या लहरींमुळे खोलीत दर १७ सेंमीवर सूर दबतो आणि मधल्या जागी उठतो. मान जरा वळवली तरी सुराचा जोर बदलतो. इथे खोलीही वाद्याचाच भाग.

याच संगीतातल्या तोशिमारु नाकामुरांचा 'नो-इनपुट मिक्सर' घरी करून बघता येतो: बाहेरून काहीच न जोडता मिक्सरचा आवाज त्याच्यातच परत फिरवायचा, हाच लूप. मिक्सर अ‍ॅनालॉग हवा. ऑक्स १ च्या सेंडमधून (चॅनेलचा आवाज बाहेर पाठवणाऱ्या जादा आउटपुटमधून) केबल काढून चॅनेल १ च्या लाइन इनपुटला लावा. माइकच्या सॉकेटला नको. चुकून फँटम पॉवर (माइकला पुरवली जाणारी वीज) चालू राहिली तर ४८ व्होल्ट उलटे आउटपुटवर येतात. गेन (आत येणाऱ्या सिग्नलची वाढ) तळाला, ईक्यू (खालचे-मधले-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या खुंट्या) मधोमध, मेन फेडर (एकूण आवाजाची सरकपट्टी) खाली. आता चॅनेल १ ची ऑक्स १ ची खुंटी हळूहळू फिरवा. काहीच होत नसेल तर बहुतेक वेळा ऑक्स पोस्ट-फेडर (फेडरच्या पुढचा आवाज घेणारा) असतो आणि चॅनेलचा फेडर खाली राहिलेला असतो. इथेच पुष्कळांचं अडतं. मीटर पेटला की लूप सुरू झाला. मगच मेन किंचित वर घ्या. ईक्यूची मधली खुंटी फिरवली की सूर सरकत नाही, उडी मारतो. ऑक्स २ तसाच चॅनेल २ मध्ये घालून एकातलं थोडं दुसऱ्यात सोडलं की दोन लूप भांडतात आणि ठोके, खरखर मिळते.

हेडफोन मात्र नकोच; खुंटीच्या एका मिलिमीटरच्या फरकाने आवाज कानठळ्या बसवण्याइतका वाढतो. मेनचा मीटर भरलेला पण स्पीकरमधून काहीच ऐकू येत नाही, असं झालं तर लगेच फेडर पाडा: लूप बहुधा ऐकू येण्यापलीकडच्या कंपनांवर गेलेला असतो आणि ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) जळतो. लिमिटर (आवाजाला कमाल मर्यादा घालणारं यंत्र) लावलात तरी तो शिखरं छाटतो, सततचा ताण नाही.

खुंट्यांवर खुणा करून ठेवण्यात अर्थ नाही. मिक्सर तापला की तीच जागा दुसराच सूर देते.