नायिका बदलली म्हणून पुढचा भाग सोडू नका

फॅन्टसी रोमान्सची सिरीज आवडीने वाचत असतो, पुढचा भाग हातात येतो आणि पहिल्याच पानावर कळतं की आपली जोडी आता मेन नाहीच, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सुरू झालीय. पणजीतल्या आमच्या ग्रुपमध्ये निम्म्याजणी तिथेच पुस्तक मिटतात. मला मात्र हेच भाग जास्त आवडतात, अगदी मनापासून.

कसंय, रोमान्समध्ये दोघं एकत्र आली की त्यांची गोष्ट झाली. तरी त्यांच्यावरच अजून भाग काढायचे तर काहीतरी बिघडवावं लागतं, मग गैरसमज, नाहीतर कुणाला तरी पळवून नेतात, नाहीतर एकाची स्मृतीच जाते... इतक्या कष्टाने जुळलेलं असं मोडलेलं मला वाचवत नाही. त्यांना नांदू दे ना सुखाने!

सारा जे. मासची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' घ्या, २०१५ची. सगळं फेयराच्या तोंडून, 'मी' म्हणून. घरात खायला नाही, ही धाकटी रानात शिकारीला जाते आणि मोठी बहीण नेस्टा बसल्या जागी टोमणे मारते, त्यामुळे नेस्टाचा राग येतोच येतो. आणि याच सिरीजच्या २०२१च्या 'सिल्व्हर फ्लेम्स' भागात मेन कोण, तर हीच नेस्टा! 'मी' गेलं, आता कधी नेस्टाच्या बाजूने, कधी तिच्या जोडीच्या कॅसियनच्या. बाप डोळ्यांदेखत मेलाय, ही दारूत बुडालीय, घरचे तिला डोंगरावरच्या घरात नेऊन ठेवतात जिथून पायी उतरायचं तर दहा हजार पायऱ्या आहेत. त्या पायऱ्या ती पुन्हा पुन्हा उतरायला बघते, ते वाचताना मी खरंच रडले.

(पुढचं वाक्य ज्यांनी वाचलं नाहीय त्यांनी सोडा.) फेयराच्या ज्या रिसँडवर आपण आधीच्या भागांत जीव टाकला तोच इथे फेयरापासून लपवतो की या बाळंतपणात तिचा जीव जाऊ शकतो, आणि ते तिला सांगते कोण तर नेस्टा, तेही भांडणात रागाने. जुना हिरो असा बाहेरून दिसतो ना, तेच मला या भागांत सगळ्यात मोलाचं वाटतं.

क्रिस्टिन कॅशोरची 'ग्रेसलिंग' (२००८) पण वाचा. तिच्यातली दहा वर्षांची बिटरब्लू २०१२च्या भागात अठराची राणी होते, आणि आधीची काट्सा-पो जोडी तिच्या गोष्टीत येऊन-जाऊन असते. एवढंच पुरे. जुनी जोडी दर चॅप्टरला फक्त मिरवायला आणली की माझा मूड जातो, नव्यांना जागाच उरत नाही.

आणि आपल्याला हे नवीन कुठंय? पेडण्याकडे दशावतारात आज ज्याचं आख्यान तो उद्या दुसऱ्याच्या आख्यानात एका प्रवेशापुरता येतो, कोण उठून जातं? खांडेकरांच्या 'ययाती'तसुद्धा ययाती, देवयानी, शर्मिष्ठा तिघं आळीपाळीने बोलतात, आणि शर्मिष्ठेचं ऐकलं की देवयानी वेगळीच दिसायला लागते.

मला आता एलेन हवीय, नेस्टा-फेयराची मधली बहीण. सगळे तिला फुलासारखं जपतात आणि तिला स्वतःला काय हवंय ते कुणी धड विचारत नाही. तिच्या मनात काय चाललंय ते मला तिच्याच बाजूने वाचायचंय, मग फेयरा त्यात दोन पानं आली तरी चालेल.