परत आलेल्या डब्यांची वही : आमची वाटचाल

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर खुंटीला एक वही टांगलेली असते. कामाला नवीन आलेली बाई ती पाककृतींची समजून चाळायला घेते, पण तीत कृती एकही नाही. आम्ही शाळेतल्या मुलांचे डबे करतो; कोणत्या वारी त्यांत काय दिलं आणि किती डब्यांतून काय परत आलं, एवढंच लिहिलेलं असतं. २०१६ च्या जूनपासून अशा सात वह्या भरल्या.

दापोलीत आमच्या घराच्या मागच्या पडवीत मी आणि माझी जाऊ, आम्ही दोघींनी ११ डब्यांवर सुरुवात केली. ओळखीच्या काही आया सकाळी सातलाच नोकरीला निघायच्या आणि मुलांच्या दप्तरात बिस्किटाचा पुडा पडायचा. ते बघवत नव्हतं. डबा शाकाहारीच ठेवायचा हे पहिल्या दिवशीच ठरलं. हर्णै बंदर जवळ, त्यामुळे इथली पोरं घरी मासे आवडीने खातात. पण सकाळी तळलेली तुकडी सुट्टीपर्यंत बंद डब्यात वास धरते, मुलं एकमेकांच्या डब्यात हात घालतात, आणि सोमवार-गुरुवार पाळणारी घरंही पुष्कळ. त्यामुळे पोषणाचा भार कडधान्यांवर आला : मूग, मटकी, चवळी, कुळीथ, काळे वाटाणे. आणि मुलांची खरी कुरकुर याच पदार्थांवर असते.

पहिल्याच वर्षी श्रावणात पहिलीतल्या एका मुलीचा डबा चार दिवस जसाच्या तसा परत आला. आम्ही पोळीचा रोल दिला, उपमा दिला, गोड शिराही दिला. तिची आई रडकुंडीला आली होती, "काकू, ही घरीही असंच करते हो." पाचव्या दिवशी बाईंची परवानगी घेऊन मी छोट्या सुट्टीत वर्गाच्या दारात उभी राहिले. मुलीने डबा मांडीवर घेतला, अंगठ्याने कडी दाबून पाहिली, दोनदा, तीनदा, मग गुपचूप दप्तरात ठेवला आणि पाणी प्यायली. डबा नवा होता, कडी घट्ट. मी उघडून दिला तर दोन आंबोळ्या तिने माझ्यासमोर खाल्ल्या. सहा वर्षांच्या मुलीला चार दिवस उपाशी ठेवून आम्ही तिलाच हट्टी म्हणत होतो, हे मला अजून टोचतं. तेव्हापासून नवीन मूल आलं की आधी आमच्यासमोर त्याच्याच हाताने डबा उघडून घेतो. पाच वेळा.

त्या दिवसानंतर आम्ही सगळा स्वयंपाक सुट्टीच्या वेळेवरून उलटा मोजायला लागलो. डबा साडेसहाला भरतो, मूल तो साडेदहाला उघडतं. मधले चार तास पदार्थ कोकणातल्या दमट हवेत, बंद डब्यात, दप्तराच्या तळाशी असतो. तव्यावरून उतरलेलं घावन जगातलं सगळ्यात सुंदर खाणं असेल, पण साडेदहाला ते घडी मोडली की फाटतं आणि एकाला एक चिकटतं. मुलांनी ते टाकलं यात मुलांची काय चूक? आंबोळीत उडीद आणि मेथी असते, पीठ आंबलेलं असतं, त्यामुळे ती गार झाली तरी लुसलुशीत राहते. म्हणून घावन डब्यातून गेलं, आंबोळी राहिली. तीही आम्ही आधी जाळीवर पसरून वाफ जाऊ देतो. गरम पदार्थावर झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन सगळं चिकट होतं. उलट कोमट ठेवून रेंगाळलं तर जिवाणू वाढतात. भाताचं तर जास्तच, कारण शिजवूनही न मरणारे काही जिवाणूंचे बीजाणू त्यात असू शकतात. भात आम्ही रुंद परातीत पसरून झटपट निववतो, आणि रात्रीचा भात डब्यात कधीच जात नाही.

खोबऱ्याने आम्हाला चांगलाच धडा दिला. दुसऱ्या वर्षीच्या ऑक्टोबरात, ऊन रणरणत असताना, ओल्या खोबऱ्याची चटणी दिली. दुपारी तीन घरांतून फोन आले की चटणी आंबूस लागली. कोणाला बाधलं नाही, पण त्या रात्री आम्ही दोघी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या पालकांना स्वतः फोन करून सांगितलं. आता डब्यात भाजलेल्या सुक्या खोबऱ्याची लसणीची चटणी असते किंवा तिळाची. दडपे पोहेही त्याच कारणाने बंद झाले, त्यातला कच्चा कांदा आणि ओला नारळ चार तास टिकत नाही. त्याऐवजी कांदेपोहे करतो आणि जरा निवल्यावर लिंबू पिळतो. लिंबातलं क जीवनसत्त्व अन्नातलं लोह अंगी लागायला मदत करतं, म्हणून उसळीवरही लिंबू चुकवत नाही.

नूडल्स पाहिजेत हा हट्ट प्रत्येक वर्गात आहे. त्यावर तोड जावेने काढली. तिचं माहेर मालवणकडचं. ती म्हणाली, "पोरांका शिरवाळे करून दे, बघ खातत की नाय." शिरवाळे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या शेवया. पिठाची उकड काढायची, मुटके करून उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच साच्यातून दाबायचे. एकीने साचा धरायचा, दुसरीने दाबायचा, हात भाजतात. तिच्या घरी ते गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खातात. आम्ही मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, गाजर, मटार आणि वाफवलेले मोड आलेले मूग घालून परतले. त्या शुक्रवारी वहीत 'परत : ०' असं पहिल्यांदा लिहिलं गेलं. आजही शुक्रवार शिरवाळ्यांचा आहे, आणि पहाटे चारला उठावं लागतं ते त्याच दिवशी.

नाचणीची लढाई लांबली. आमच्याकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी पिकते, दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे आयांनाही पाठ आहे. मुलांना मात्र तो काळपट रंगच नको. भाकरी परत, सत्त्वाच्या वड्या परत. शेवटी आंबोळीच्या पिठात एक वाटीला दोन चमचे, एवढ्यावर सुरू केलं आणि सहा महिन्यांत निम्मी नाचणी झाली. पण हे लपवाछपवीने केलं नाही. मुलांना सांगून केलं, कारण एकदा फसवलं गेलं असं वाटलं की ते मूल पुढे साध्या पोळीकडेही संशयाने बघतं. नवीन चव रुजायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. म्हणून नवीन पदार्थ आम्ही दोनच घास देतो, ओळखीच्या दोन पदार्थांच्या शेजारी. आणि पालकांना हात जोडून सांगतो, परत आला तर रागावू नका.

अळूवडी मुलांना आवडते, फक्त घशात खाजली की वर्षभर तोंड लावत नाहीत. पानं वडीच्याच अळूची, काळ्या देठाची घ्यायची आणि चिंचेत हात आखडता घ्यायचा नाही. उन्हाळी सुट्टीच्या आधी फणसाच्या उकडलेल्या आठळ्या मीठ लावून देतो. केळं द्यायचं तर छोटं वेलची केळं, सालासकट, कापलेलं काळं पडतं. बालवाडीच्या डब्यात अख्खा काजू आम्ही घालत नाही, घशात अडकण्याची भीती असते. भरड करून लाडवात घालतो.

२०२० मध्ये मार्चला शाळा बंद झाल्या आणि ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पडवीचे पत्रे शेजारच्या वाडीत सापडले. माड-पोफळी आडव्या झाल्या, कित्येक आठवडे वीज नव्हती. डबा कोणाला देणार? चुलीवर नाचणी भाजून, जात्यावर दळून गुळाचे लाडू केले आणि गणपतीला गावी आलेल्या चाकरमान्यांनी ते मुंबईला नेले. त्या पैशातून पत्रे बसले. या लाडवांची मागणी अजून आहे, पण त्यांच्याबद्दल जास्त लिहीत नाही, आमचं मन डब्यात आहे.

शाळा उघडल्यावर मुलं दीड वर्ष घरात बसून आलेली. मोबाईल समोर धरल्याशिवाय घास न घेणारी पुष्कळ होती. त्या वर्षीची वही बघवत नाही. हळूहळू रुळली, शेजारचं मूल खातं हे बघून रुळली.

आज १४० डबे जातात, आम्ही सातजणी आहोत. अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी सुरुवातीलाच केली होती, तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. घरगुती धंदा करणाऱ्या बायका तेवढंही टाळतात, त्यांना मी सांगत असते, करून टाका.

सध्या केळफुलाच्या वड्यांवर काम चाललंय. फुलातली कडक दांडी काढून, बारीक चिरून रात्रभर ताकाच्या पाण्यात ठेवतो, तुरटपणा जातो. पहिल्या सोमवारी ६१ डब्यांतून परत आल्या. चण्याच्या डाळीचं प्रमाण वाढवलं, वड्या चपट्या केल्या. दुसऱ्या सोमवारी ४८. काल संध्याकाळी डबे धुताना जावेने मोजल्या, ३३. उद्यासाठी दोन केळफुलं आणून ठेवली आहेत.