‘प्ले’ची वही : तिसरा महिना

मागच्या वेळी लिहिलं होतं की इंग्रजी शिकताना एकच क्रियापद धरायचं आणि ते हाताखालून पुरतं गेल्याशिवाय दुसऱ्याकडे बघायचं नाही. मी ‘प्ले’ घेतलं. कारण साधं आहे: आमच्या घरात क्रिकेट कधी बंदच होत नाही. सकाळी पोह्यांवर सेव घालेपर्यंत ह्यांनी टीव्ही लावलेला असतो.

रूपं पहिल्याच दुपारी झाली. प्ले, प्लेज, प्लेड, प्लेइंग. संपलं! हौसेने डाव्या पानावर ‘खेळणे’ लिहायला घेतलं होतं. खेळतो, खेळते, खेळतेस, खेळला, खेळल्या, खेळेन, खेळशील, खेळायचो, खेळायचे, खेळावं... पान भरलं तरी शेपूट बाकीच. उजव्या पानावर चार शब्द, खाली सगळं कोरं. मला तर जरा फसवल्यासारखंच वाटलं. शिवाय ‘आय प्लेड’ म्हणणारी बाई आहे की बुवा, काही पत्ता लागत नाही. मराठीत मी ‘खेळले’ म्हटलं की तिथेच कळतं.

पण ‘-ईडी’चा उच्चार सोपा नाही. आपण सगळे शाळेपासून सरसकट ‘ड’ लावत आलो. कॉमेंट्री कान देऊन ऐकली तेव्हा लक्षात आलं की तिथे तीन आवाज आहेत. ‘प्लेड’, ‘पुल्ड’, ‘एज्ड’ यांत ड. ‘ब्लॉक्ट’, ‘मिस्ट’, ‘हुक्ट’ यांत चक्क ट. आणि ‘लॉफ्टिड’मध्ये एक आख्खं अक्षर जास्त. नियम आपल्या संधीच्या धड्यातलाच आहे: शेवटी क, प, स, च असं कठोर व्यंजन असेल तर ट, मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ड, आणि मुळात ट-ड असतील तर ‘इड’. लिहिताना तिन्हीकडे ‘-ईडी’च. गळ्यावर बोट ठेवून ‘ब्लॉक’चा क आणि ‘पुल’चा ल म्हणून बघा. पहिल्याला गळा गप्प राहतो, दुसऱ्याला गुणगुणतो. भाजी चिरताना मी हे करत होते, तर ह्यांनी विचारलं, ‘घसा दुखतोय का गं?’

कॉमेंट्रीचा आणखी एक फायदा झाला. बॅट समोर फिरते आहे, तरी ते ‘ही इज प्लेइंग इट टु कव्हर’ म्हणत नाहीत. ‘प्लेज इट टु कव्हर’ म्हणतात. डोळ्यांसमोर घडून लगेच संपणारी गोष्ट साध्या वर्तमानकाळात. ‘ही इज प्लेइंग वेल टुडे’ हे दोन चेंडूंच्या मधल्या गप्पांत येतं. व्याकरणाच्या पुस्तकातलं ‘आत्ता चालू असलेल्या क्रियेसाठी आयएनजी’ इथे फसतं.

आता खरी ठेच. आमचा भाचा सुट्टीत आला होता. त्याला मी ऐटीत वाक्य वाचून दाखवलं: ‘सेहवाग हॅज प्लेड इन इंदूर इन २०११.’ तो म्हणाला, ‘मावशी, हॅज काढ.’

मी हटूनच बसले. ‘सेहवाग २०११ मध्ये इंदूरला खेळला आहे’ यात मराठीत काय चुकलं? काहीच नाही. हिंदीतही ‘खेला है’ खुशाल चालतं, आणि आम्ही इंदूरचे तर दिवसभर दोन्ही भाषांत ये-जा करणारे. पण इंग्रजीत संपून गेलेल्या वेळेचं नाव घेतलं की ‘हॅज’ला दार बंद. ‘हॅज प्लेड इन इंदूर’ चालेल, ‘प्लेड इन इंदूर इन २०११’ चालेल. दोन्हींची खिचडी चालणार नाही. (सेहवागच्या तिथल्या १४९ चेंडूंतल्या २१९ धावा ह्यांना चेंडू-चेंडू पाठ आहेत, म्हणून माझी बहुतेक उदाहरणं होळकर स्टेडियमवरची.)

मग ह्यांनी गुगली टाकली: ‘सी. के. नायडू हॅज प्लेड फॉर होळकर’ म्हणता येईल का? यात तर तारीख नाही. मी ‘हो’ म्हटलं आणि त्रिफळा. नायडू १९६७ मध्ये इथे इंदुरातच गेले. १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे कप्तान, पुढे इंदूर संस्थानाच्या होळकर संघाचे. ‘हॅज’ म्हटलं की तो माणूस आजही आहे, उद्या पुन्हा खेळला तर खेळेल, असा वास येतो. गेलेल्या माणसासाठी ‘प्लेड’च. बारा काळांचा तो तक्ता शाळेत तीन वर्षं घोकला, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. मला तर ते चारी रूपांपेक्षा जास्त आवडलं.

‘डिड यू प्लेड’ ही माझी जुनी खोड. ती आता या हिशेबाने सुटली: भूतकाळ ‘डिड’ने घेतला, ‘प्ले’ मोकळा झाला. ‘डज ही प्ले’मध्येही तसंच, ‘प्लेज’मधला एस उठून ‘डज’मध्ये जाऊन बसला.

‘पासून’ अजून छळतं. आम्ही बायका दर रविवारी चिमणबागेत टेनिस बॉलने खेळतो, बारा वर्षांपासून. मराठीत साधा ‘खेळतो’ पुरतो, म्हणून तोंडातून ‘वी प्ले सिन्स ट्वेल्व्ह इयर्स’ असं निघतं, म्हणजे एका दमात दोन चुका. हवं ते ‘वी हॅव बीन प्लेइंग फॉर ट्वेल्व्ह इयर्स’. मुदत असेल तर ‘फॉर’, सुरुवातीचं साल असेल तर ‘सिन्स’. आपला ‘पासून’ दोन्ही एकटा ओढतो. उलट ‘वी आर प्लेइंग टुमॉरो’ कधीच चुकलं नाही, कारण आपणही ‘उद्या खेळतोय’च म्हणतो.

दर रविवारी रात्री भाचा फोनवर वीस मराठी वाक्यं सांगतो, मी इंग्रजीत लिहून पाठवते. पहिल्या रविवारी तेरा चुकली होती, काल चार. त्यातली तीन ‘हॅज’ची. चौथी ही: ‘मी पोचले तोवर त्या एक डाव खेळल्या होत्या.’ मी दोन्हीकडे ‘हॅड’ घातला. त्याने उत्तरात फक्त लिहिलं, ‘मावशी, आधी काय झालं?’