सावंतवाडीची गंजिफा खेळायला काढा

मोती तलावासमोरच्या राजवाड्यातून गंजिफाचा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा, संच घेणारे बरेच जण घरी जाऊन तो चौकटीत बसवतात. चित्रं देखणी आहेत, पण ही पानं हातात धरून खेळायची आहेत.

सावंतवाडी म्हणजे जुनी सुंदरवाडी. इथले राजे तिसरे खेमसावंत (१७५५ ते १८०३) यांच्या काळात हा खेळ इथल्या दरबारात रुजला असं मानतात. पुढे चितारी घराणी कमी होत गेली. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले या राजदांपत्याने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच काम सुरू केलं, म्हणून ही कला टिकली. त्यांचे उपकार मोठे आहेत.

दशावतारी संचात १२० गोल पानं. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्का ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. चिन्हं मोजली की पानाचा आकडा कळतो.

खेळायला तिघं लागतात, प्रत्येकाला ४० पानं. गोल पानं पत्त्यांसारखी पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून कालवायची. दिवसा खेळ रामाच्या राजाने उघडतो, दिवेलागणीनंतर कृष्णाच्या. हुकूम नाही. उतरलेल्या रंगाचं वरचं पान हात जिंकतं. नवखे चुकतात ते इथे: राजा-प्रधानाखाली पाच रंगांत दहा मोठा आणि एक्का सगळ्यांत लहान, उरलेल्या पाचांत बरोबर उलटं. हे पाठ नसेल तर हातातला एक्का राखायचा की टाकायचा, हेच कळत नाही. कोणती पानं खेळून गेली ते लक्षात ठेवणं हा तर खेळाचा प्राणच.

जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवत, वर पांढरा लेप देऊन घोटत, मग गोल कापून रंगवत आणि शेवटी लाख चढवत. थर ओले असताना लेप दिला तर पान वाकतं. खळ म्हणजे किड्यांचं खाद्य, शिवाय आपल्याकडे पावसात बुरशी ठरलेली. म्हणून जून ते सप्टेंबर संच त्याच्या लाकडी डबीत, कोरड्या कपाटात ठेवावा. ओल्या फडक्याने पुसू नये आणि उन्हातही वाळत घालू नये.

विकत घेताना आधी पाठ बघा. सगळ्या पानांची पाठ एकसारखी हवी. एखाद्यावर डाग किंवा वेगळी छटा असली, की समोरचा ते पान पालथंच ओळखतो.