रोड्स : तटबंदीच्या आतलं गाव

तुर्कस्तानातल्या मार्मारिस बंदरातून सकाळची कॅटामरान पकडली की साधारण तासाभरात ग्रीसचं रोड्स बेट येतं. समुद्रापेक्षा दोन्हीकडच्या पासपोर्टच्या रांगाच जास्त वेळ खातात. भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतोच, शिवाय संध्याकाळी परतायचं असल्यामुळे तुर्कस्तानचा व्हिसाही पुन्हा आत येऊ देणारा हवा. माझ्या बहिणीने हे सगळं निघण्याआधीच नीट जमवून ठेवलं होतं, त्यामुळे आम्ही दोघी निर्धास्त होतो.

बोट बंदरात शिरायला लागली की आधी दिसते ती तटबंदी. मधाच्या रंगाचा दगड, त्यावर दंतुर कंगोरे, मधूनच डोकावणारा मशिदीचा मिनार आणि घड्याळाचा मनोरा. डावी-उजवीकडे नजर फिरवली तरी तट संपत नाही. हे शहर वसलं इ.स.पू. ४०८ मध्ये, बेटावरच्या लिंडोस, इयालिसोस आणि कामिरोस या तीन जुन्या नगरांनी मिळून उभारलं म्हणून. आज दिसणारा तट मात्र नाइट्स हॉस्पिटलर या लढवय्या धर्मसंघाचा. जेरुसलेमला येणाऱ्या यात्रेकरूंची शुश्रूषा हे त्यांचं मूळ काम. पॅलेस्टाइन हातचं गेल्यावर ते सायप्रसमार्गे इथे आले आणि १३०९ पासून दोनशेहून अधिक वर्षं राज्य करून राहिले. १४८० चा उस्मानी वेढा त्यांनी परतवला. १५२२ मध्ये सुलतान सुलेमान स्वतः आला, सहा महिने वेढा चालला, आणि शेवटी तह होऊन नाइट्स १ जानेवारी १५२३ रोजी बेट सोडून गेले. तटाबाहेरच्या कोरड्या खंदकात उतरून चालता येतं. तिथे गवतात दगडी तोफगोळे अजून पडलेले आहेत. एकाला हात लावून पाहिला. दोन्ही हातांत मावला नसता एवढा मोठा, आणि उन्हाने चांगलाच तापलेला.

मांद्राकी बंदरावर आम्ही फार थांबलो नाही. तिथल्या दोन खांबांवर हरीण आणि हरिणी उभी आहेत, आणि जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक असलेला सूर्यदेवाचा प्रचंड पुतळा इथेच होता असं मानतात. लिंडोसच्या खारेस नावाच्या शिल्पकाराने तो घडवला. पन्नासएक वर्षं उभा राहिला आणि इ.स.पू. २२६ च्या सुमाराच्या भूकंपात गुडघ्यात मोडून कोसळला. आज त्याचा तुकडाही पाहायला मिळत नाही.

आत शिरल्यावर बहुतेक सगळे जातात ते नाइट्सच्या रस्त्यावर. आम्हीही गेलो, आणि जावंच. जेमतेम दोनशे मीटरची सरळ चढण, दोन्ही बाजूंना दगडी वाडे. युरोपातल्या ज्या प्रदेशातून जे नाइट आले, त्यांचं तिथे त्या प्रदेशाचं निवासस्थान : फ्रान्सचं, इटलीचं, स्पेनचं, प्रोव्हान्सचं. भिंतींत संगमरवरी कुलचिन्हं बसवलेली आहेत, खिडक्यांच्या चौकटी कोरीव. रस्त्याच्या पायथ्याशी नाइट्सचं रुग्णालय आहे. १४४० मध्ये बांधायला घेतलेली ही इमारत आता पुराणवस्तू संग्रहालय आहे. वरच्या मजल्यावरचं रुग्णांचं लांबलचक दालन पाहताना या लोकांच्या मूळ कामाची आठवण होते. न्हाऊन केस मोकळे सोडत बसलेली छोटी संगमरवरी अफ्रोडाइट इथेच आहे. तिच्यासाठी वेळ काढा.

चढणीच्या टोकाला ग्रँड मास्टरचा, म्हणजे नाइट्सच्या प्रमुखाचा, राजवाडा. त्याच्यासमोर सगळे थक्क होतात, पण त्याची गोष्ट कळल्याशिवाय तो पाहू नये असं मला वाटतं. मूळ वाडा १८५६ मध्ये जवळच साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन उद्ध्वस्त झाला. १९१२ मध्ये बेट इटलीच्या ताब्यात गेलं आणि १९३०च्या दशकात इटालियनांनी हा वाडा नव्याने उभारला, तो राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल आणि मुसोलिनी यांना विश्रांतीसाठी उतरता यावं म्हणून. खालची सुंदर जुनी मोझेक कॉस बेटावरून उचलून आणलेली आहेत. नाइट्सच्या रस्त्याचंही तसंच. उस्मानी काळात त्या वाड्यांना लाकडी सज्जे लागले होते, इटालियनांनी ते उतरवून रस्ता पुन्हा ‘मध्ययुगीन’ केला. चारशे वर्षं तिथे राहिलेल्या माणसांच्या खुणा त्यात पुसल्या गेल्या. कुठला काळ ठेवायचा आणि कुठला काढून टाकायचा, हे सत्तेवर असलेल्यांनी ठरवलं. हे एकदा डोक्यात आलं की या गावाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

म्हणून माझा आग्रह असा की अर्धा दिवस तरी खालच्या गावाला द्यावा. सोक्रातुस रस्त्याच्या वरच्या टोकाला गुलाबी रंगाची सुलेमान मशीद आहे, आणि तिच्या समोर हाफिज अहमद आगा यांनी १७९३ मध्ये स्थापन केलेलं ग्रंथालय. तिथून दुकानांची गर्दी ओलांडत हिपोक्रेटिस चौकात उतरलं आणि पूर्वेला वळलं की पाच मिनिटांत आवाज कमी होतो. गल्ल्या अरुंद होतात, डोक्यावर कमानी येतात. भूकंपात समोरासमोरच्या भिंतींनी एकमेकींना आधार द्यावा म्हणून त्या बांधलेल्या.

पायाखाली मात्र सारखं पाहत राहावं. अंगणं, उंबरठे, काही ठिकाणी अख्ख्या गल्ल्या समुद्राच्या गोट्यांनी मढवलेल्या आहेत. गोटा आडवा ठेवत नाहीत, कडेवर उभा रोवतात, म्हणून वर फक्त त्याची अरुंद पाठ दिसते. काळे आणि पांढरे गोटे लावून नक्षी काढायची : सरूची झाडं, फुलं, नागमोडी वेली. याला चोखलाकिया म्हणतात. पातळ तळाच्या चपलेतून एकेक गोटा टोचतो. एका अंगणात आम्ही वाकून पाहिलं तर पांढऱ्या गोट्यांमध्ये मधूनच एखादा लाल बसवलेला होता, नेमका फुलाच्या मध्यावर.

हा भाग ‘ला हुदेरिया’, ज्यूंची वस्ती. १४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना उस्मानी राजवटीत इथे आसरा मिळाला. त्यांनी आपली लादिनो भाषा, म्हणजे जुनी स्पॅनिश, विसाव्या शतकापर्यंत घरात जपली. कहाल शालोम हे १५७७ चं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ग्रीसमधल्या आज वापरात असलेल्यांपैकी सर्वांत जुनं. आमचं आजोळ अलिबागचं. तिथल्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे आत जाताना अवघडल्यासारखं झालं नाही. मधोमध तोरा हा धर्मग्रंथ वाचायचा उंच ओटा, टांगलेली झुंबरं, आणि जमीन? तीच काळ्या-पांढऱ्या गोट्यांची. बहीण बराच वेळ त्या नक्षीच्या कडेकडेने चालत राहिली.

शेजारी स्त्रियांच्या प्रार्थनेच्या जुन्या खोल्यांत संग्रहालय आहे. लग्नाचे फोटो, शाळेचे वर्ग, भरतकाम केलेले कपडे, काँगोला, अमेरिकेला गेलेल्या मुलांचे फोटो. एकेकाळी इथे काही हजार ज्यू होते. बरेच १९३०च्या दशकात पोटापाण्यासाठी आणि वंशभेदी कायद्यांमुळे बाहेर पडले. १९४३ च्या सप्टेंबरात बेट जर्मनांच्या हाती गेलं. २३ जुलै १९४४ रोजी राहिलेल्या ज्यूंना, म्हाताऱ्यांपासून तान्ह्या मुलांपर्यंत, बोटींत कोंबून ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या पिरेअसला आणि तिथून आगगाडीने आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. रोड्सचे १५१ वाचले. तुर्कस्तानचे तेव्हाचे कॉन्सुल सेलाहत्तिन उल्कुमेन यांनी काही कुटुंबांना तुर्की नागरिक ठरवून सोडवून घेतलं. जर्मनी हरण्याला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं, आणि एवढ्या दूरच्या बेटावरून माणसं गोळा करायला त्यांना बोटी मिळाल्या. मला हे वाचून संताप आला, अजून येतो.

जवळच ज्यू हुतात्म्यांचा चौक आहे. मध्ये समुद्रघोड्यांचं कारंजं, भोवती कॅफे, आणि झाडांखाली सहा बाजूंचा काळा दगड. रोड्स आणि कॉसच्या १,६०४ ज्यूंची स्मृती त्यावर लादिनोसह सहा भाषांत कोरली आहे. कितीतरी लोक आइस्क्रीम खात बाजूने निघून जातात. दोन मिनिटं थांबा, दगडाला फेरी घाला.

जेवायला आम्ही मागच्या गल्लीत बसलो. पितारूदिया म्हणजे काबुली चण्यांची, कांदा-पुदिना घातलेली भजी, इथली खासियत. गरम असतानाच खावी. परतताना मेलेकूनी घेतली : तीळ, मध, बदाम आणि संत्र्याची साल, शंकरपाळ्याच्या आकारात कापलेली. रोड्सच्या लग्नांत पाहुण्यांना ती वाटतात.

जाणाऱ्यांसाठी एवढंच : आधी खालचं गाव करा, मग वर चढा, कारण सिनेगॉग आणि संग्रहालय दुपारनंतर बंद होतं आणि शनिवारी उघडतच नाही. राजवाडा त्यामानाने उशिरापर्यंत खुला असतो. लिंडोसची टेकडी पन्नासएक किलोमीटर दूर आहे. त्याच दिवशी ती उरकायचा मोह धरू नका, तिच्यासाठी मुक्कामच करा.